लाजराचं कीर्तन

मनोहर दवाखान्यातून बरा होऊन घरी आला, तेव्हा सुकापूरच्या त्याच्या घरात शमुवेलबुवांनी कीर्तन रंगवलं होतं. कीर्तनात येशूने रडणाऱ्या बहिणींसाठी मेलेल्या लाजराला थडग्यातून हाक मारून जिवंत उठवलं अन् मंडळींनी हालेलूयाने घर डोक्यावर घेतलं. महिन्याभरात दुखणं उलटलं. आज मनोहर त्याच घरात शवपेटीत होता. सांत्वनाचं पद म्हणायला बुवांनी चिपळ्या उचलल्या, तोच त्याची आई म्हणाली,

"बुवा, तो लाजर पुढं परत मेलाच असेल ना?"

"मेला असणारच, रूथाबाई. माणूसच तो."

"मग त्या खेपेला त्याच्या बहिणींचं सांत्वन कोणी केलं?"

बुवांनी सगळं शुभवर्तमान मनातल्या मनात धुंडाळलं. "ते... लिहिलेलं नाही, बाई."

"कसं असेल? लिहिणारे तोवर पुढच्या चमत्काराला गेले असतील."