सुजितचा फिल्टर
दारात कुणाचीही गाडी आली, की बन्सीआबा बॉनेट उघडायला लावत आणि आतल्या ऑइल फिल्टरवर बोट ठेवून सांगत, “ह्यो आमच्या सुजितच्या हातचा, चाकणच्या कंपनीतला.” आज लेकानंच सेकंडहँड इलेक्ट्रिक कार आणली होती. आबांनी वाकून चौकशी सुरू केली. “ऑइल कधी बदलायचं?” “लागतच नाही.” “बेल्ट?” “तोही नाही.” “मंग वर्साचा खर्च?” “किरकोळ.” आबा खूश झाले. त्यांचं बोट सवयीनं आत फिरलं, कोपऱ्याकोपऱ्यात शोधत राहिलं. “आरं, तुझा फिल्टर कुठं हाय?” “ऑइलच नाही, तर फिल्टर कशाला लागेल, आबा?” बोट थबकलं. “आन् उद्या समद्याच गाड्या अशा आल्या, तर काय करशील?” “म्हणून तर वॉरंटी संपलेली घेतली. खोलून शिकता येईल.” सुजित बॉनेट लावू लागला. आबांनी हात धरला. “मंग झाकतोस कशाला? पाना आण.”