काखेतला थर्मास

जानेवारीतील एका शनिवारी, उन्हे कलताना, दिवसभर रिओ पालथे घालून आम्ही तिघे उरुग्वेकर मित्र तिथल्या सर्वांत मोठ्या फुटबॉल मैदानाच्या दाराशी धापा टाकीत पोहोचलो. पर्यटकांचा शेवटचा गट आत निघाला होता. लहानपणापासून या हिरवळीचा ध्यास घेतलेल्या दार्दोला दुसरी संधी नव्हती. पहाटे विमान होते. वृद्ध द्वारपालाने दार्दोच्या काखेतील थर्मासवर, आम्हा उरुग्वेकरांच्या त्या हमखास खुणेवर, बोट ठेवले. “गरम पाणी आत चालणार नाही, ओतून टाका.” “येर्बाचं पाणी ओतायचं?” ग्लादिस कडाडली, “पिऊन संपवू!” येर्बाच्या पानांचा काढा आम्ही एकाच पेल्यातून, एकाच नळीने, पाळीपाळीनेच पितो. “ओढ लवकर, मेल्या!” “भाजली गं जीभ!” घामाने निथळत आम्ही थर्मास रिता केला. दार उघडे धरून द्वारपाल म्हणाला, “जा आत. पन्नास सालच्या विश्वचषकात तुम्ही आम्हाला इथं का हरवलंत, ते आज कळलं.”