पिसाची परीक्षा

परीक्षेच्या खोलीत प्रवेश नसल्यानं वर्गाच्या बाई खिडकीबाहेर श्वास रोखून उभ्या होत्या. आज अक्षरांचे आवाज सांगता आले नाहीत, तर त्यांच्या अबोल विद्यार्थिनीला पुन्हा बालवर्गात बसवणार होते. परीक्षक मॅडमनी ‘भ’चं कार्ड दाखवलं. चिमुरडी खिसा चाचपू लागली. “अगं, बोल की! हा ‘म’ ना?” चष्मा कपाळावरच विसरलेल्या मॅडम वैतागल्या. चिमुरडीनं खिशातून बाईंनी आवाजांच्या सरावासाठी दिलेलं पीस काढलं, तळहातावर ठेवून मॅडमच्या तोंडापुढे धरलं. “आता म्हणा.” “म.” पीस जागचं हललं नाही. “चुकलं. ‘भ’ आहे तो. बघा हं.” तिनं ‘भ’ म्हणताच पीस भुर्रकन उडालं. ते उचलून तिनं मॅडमपुढे धरलं. “घाबरायचं नाही, म्हणा.” “भ!” पीस उडालं. “शाब्बास गं माझी राणी!” चिमुरडी म्हणाली. बाहेर बाईंच्या अंगावर मूठभर मांस चढलं. सूर हुबेहूब त्यांचाच होता.