ढवळीची नवी घंटा

दीपेशने पाण्याचा तांब्या हातात घेतला आणि न पिताच खाली ठेवला. पोलादपूरच्या रस्त्यापासून तासभर डोंगर चढून तो वरच्या वाडीत आला होता. घसा कोरडा पडला होता. पण दुःखाची बातमी आणणाऱ्याने ती सांगितल्याशिवाय त्या घरचं पाणी पिऊ नये, ही या डोंगरातली रीत त्याला ठाऊक होती.

“पी रे. चढ काय थोडा हाय?” हरिबा म्हणाला.

“पितो, आबा. जरा दम खाऊ द्या.”

हरिबाची बायको धोंडूबाई दारात बसून कोंबड्यांना कणी टाकत होती. तिने तांब्याकडे पाहिलं.

पहाटे महाडजवळ त्यांच्या सुधीरची मोटारसायकल उलटली होती. तो मुंबईहून घरीच यायला निघाला होता. जागीच गेला. चार वाजता गाडी त्याला घेऊन पायथ्याशी येणार होती. आईबापाला त्याआधी कळायला हवं होतं. “तू त्याचा शाळेपासूनचा दोस्त, तूच सांग,” म्हणून खालच्या लोकांनी दीपेशला पुढे धाडलं होतं. आता दोन वाजले होते.

वाटेत त्याने वाक्य जुळवलं होतं. ते आता सापडेना. म्हणून त्याने पिशवीत हात घातला.

“सुधीरने पाठवलंय,” तो म्हणून गेला.

बिनवायरचा स्पीकर होता. नारळाएवढा, पितळी जाळीचा, वर खांद्याला अडकवायचा लांब, जाड चामड्याचा पट्टा. सुधीर मुंबईत श्रीमंतांच्या वस्तूंच्या दुकानात माल पोचवायचा. मालकाने खूश होऊन त्याला हा दिला होता. काल फोनवर सुधीर हसत होता, “दीप्या, ह्याची किंमत कळली तर आबा ह्याला घरात झोपवतील आणि मला गोठ्यात.” अपघातात पिशवी झुडपात उडाली. स्पीकरला ओरखडाही नव्हता.

हरिबाने तो दोन्ही हातांनी घेतला. पट्टा ओढून पाहिला. त्याचा चेहरा उजळला.

“बघ गो, पोराच्या ध्यानात ऱ्हायलं. ढवळी गायीची घंटा फुटली म्हणून बोललो व्हतो, तर ही धाडली. पट्टा बघ कसा हाय.” त्याने स्पीकर कानाशी हलवला. “पण वाजत कशी नाय?”

दीपेशच्या मोबाईलवरून तो लगेच वाजला असता. पण या घरात आज गाणं कसं लावायचं?

“शहरातली घंटा,” हरिबा हसला. “घरात कोण मेलं की आपण घंटांत गवत कोंबतो ना, तशी मुकी.”

“तोंडाला येल ते बोलू नका. पोराची वस्तू हाय.” धोंडूबाई दीपेशकडे वळली. “तो का नाय आला रे?”

“काम निघालं, काकी.”

तिने पुन्हा तांब्याकडे पाहिलं. तो काठोकाठ भरलेला होता.

गुरं दुपारची गोठ्यात सावलीला होती. हरिबाने ढवळीच्या गळ्यात पट्टा बांधला. “जानूला बोलवून आणतो. रोज चिडवतो, पोरगा मुंबईला आणि गाय बिनघंटेची,” असं म्हणत तो शेजारच्या घराकडे गेला.

दीपेश घरामागे गेला. त्याने खाली फोन लावला. “मला नाय जमत. दुसऱ्या कोणाला पाठवा.”

“आता कोणाला पाठवू? गाडी निघाली महाडहून,” पलीकडून उत्तर आलं.

मोबाईल खिशात ठेवताना त्याच्या लक्षात आलं, गोठ्यातला घंटांचा आवाज थांबला होता.

तो गोठ्याच्या दाराशी आला. धोंडूबाई मुठीत सुकं गवत घेऊन एकेका गुराच्या गळ्याशी वाकत होती. शेवटी ती ढवळीपाशी आली. नव्या घंटेला गवत कोंबायला तोंड नव्हतं. तिने ती दोनदा फिरवून पाहिली. मग पदराचं टोक टर्रकन फाडलं, घंटेभोवती घट्ट गुंडाळलं आणि गाठ मारली.

ती बाहेर आली. उंबऱ्याजवळचा तांब्या उचलून तिने दीपेशपुढे धरला.

“ह्यांना मी सांगते,” ती म्हणाली. “तू पाणी पी आता.”