एक लाल, दोन पिवळी, बाकी हिरवी

"दोन मिनिटं चर्चा," म्हणत गणिताच्या सरांनी टाळी वाजवली आणि सहावीच्या वर्गातली चाळीस तोंडं एकदम कुजबुजायला लागली. चर्चा म्हणजे ओठ हलले पाहिजेत, एवढं सरांनी तीन दिवसांच्या तालमीत पोरांच्या डोक्यात पक्कं बसवलं होतं. काय बोलायचं ते सांगायचं राहून गेलं. त्यामुळे पहिल्या बाकावरच्या दोघी अत्यंत गंभीर चेहऱ्यानं एकमेकींना एकोणतीसचा पाढा ऐकवत होत्या.

मागच्या भिंतीला टेकवलेल्या खुर्चीत तपासणीचे साहेब बसले होते. मांडीवर फॉर्म, फॉर्मवर चौकटी. 'विद्यार्थी चर्चेत सहभागी होतात' या चौकटीत त्यांनी बरोबरची खूण केली. आज या फॉर्मवर चांगला शेरा पडला, की पुढच्या महिन्यात रिकामी होणारी मुख्याध्यापकांची खुर्ची सरांची. नाही पडला, तर शेजारच्या वर्गावरच्या भूगोलाच्या बाईंची.

खरं तर सरांना या सगळ्याची मनापासून चीड होती. शिकवता शिकवता मुलांना समजतंय का ते विचारत राहा, असा हुकूम वरून आला होता. मुलांना विचारायचं! म्हणजे आचाऱ्यानं पातेल्याला विचारायचं, शिजलं का बाबा? पण हुकूम तो हुकूम. म्हणून प्रत्येक मुलाला तीन कार्डं मिळाली. समजलं तर हिरवं, थोडं समजलं तर पिवळं, नाहीच समजलं तर लाल. आणि कुणी कुठलं दाखवायचं ते सरांनी परवाच वाटून दिलं. सगळीच हिरवी दिसली तर साहेबांना संशय येणार, म्हणून एक लाल, दोन पिवळी, बाकी हिरवी. न समजण्याचं काम त्यांनी वर्गातल्या सगळ्यात हुशार मुलीला दिलं. असल्या नाजूक कामात ढ पोरांवर भरवसा ठेवता येत नाही.

फळ्यावर लिहिलं होतं, तीन भागिले एक-द्वितीयांश, बरोबर सहा.

"कार्डं!"

सपासप हात वर गेले. हुशार मुलगी लाल कार्ड घेऊन उभी राहिली आणि वक्तृत्व स्पर्धेतल्या आवाजात म्हणाली, "सर, उलटा कुठला अपूर्णांक करायचा? पहिला की दुसरा?"

"वा! छान प्रश्न!" सर असे काही खूश झाले, की प्रश्न त्यांनीच लिहून दिला होता हे त्यांनाही आठवलं नसावं. "दुसरा. उलटा करायचा आणि गुणायचं. आता समजलं?"

लाल खाली, हिरवं वर. साहेबांनी लिहिलं, अडचणी आढळल्या एक, जागेवर सोडवल्या एक. हिशेब जुळला. पोटभर जेवल्यासारखा त्यांचा चेहरा झाला.

तेवढ्यात तिसऱ्या रांगेत आणखी एक लाल वर आलं.

ठेंगणी! वर्गातली सगळ्यात बुटकी. तिच्या वाट्याला हिरवं होतं. तालमीतही तिनं दोनदा हाच उद्योग केला होता आणि 'नंतर बघू' म्हणून सरांनी तिला खाली बसवलं होतं. आता त्यांनी डोळे वटारले. हात काही खाली येईना.

साहेबांच्या कपाळावर आठी पडली. 'एक' शाईनं लिहून झाला होता. "हे काय, सर? आणखी एक?"

"सर, भागल्यावर..." ठेंगणीनं तोंड उघडलं.

"नाही हो साहेब," सरांनी तिचं वाक्य तिथंच खुडलं. "हिला रंग ओळखता येत नाहीत. जन्मापासूनच. बिचारी हिरवंच समजून दाखवतेय."

हुशार मुलगी स्वतःची नखं बघायला लागली.

"अरेरे," साहेबांनी सुटकेचा श्वास सोडला. "बाळ, हिरवं कुठलं? दाखव बरं."

ठेंगणीनं सरांकडे पाहिलं. तिनं हातातलं कार्ड बाकावर ठेवलं, तिन्ही कार्डांकडे बराच वेळ पाहिलं, आणि पुन्हा लालच उचललं.

"बघा!" सर म्हणाले, आणि त्यांच्या जिवात जीव आला.

साहेबांनी शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, 'विशेष गरजा असलेल्या विद्यार्थिनीलाही आपुलकीनं सामावून घेतात. उत्कृष्ट.' खाली सही ठोकली, पेनाला टोपण लावलं आणि सरांच्या पाठीवर थाप मारली. घंटा झाली. शिपायानं चहा आणला. मुलं पळाली.

एकटी ठेंगणी मागे राहिली. तास संपला की कार्डं गोळा करायची, रंगांप्रमाणे लावायची, मोजायची आणि रबर लावून सरांच्या हातात द्यायची, हा सरांचाच नियम. या आठवड्याची पाळी तिची. थाप ठोकताना सर नेमकं हेच विसरले होते.

तिनं सरांच्या टेबलावर ढीग ओतला आणि दोन्ही हातांनी भराभर लावायला घेतला. हिरव्यावर हिरवं, पिवळ्यावर पिवळं, लालावर लाल. एकदाही हात अडखळला नाही. दारात उभे असलेले साहेब बघत होते. कपातला चहा संपला होता, तरी त्यांनी कप तोंडावरून काढला नाही.

"हिरवी चाळीस," तिनं पहिला गठ्ठा सरांच्या हातात ठेवला. "पिवळी चाळीस. लाल एकोणचाळीस."

"एक कुठंय?" सरांच्या तोंडून सवयीनं निघून गेलं.

"माझ्याकडे," ती म्हणाली. "भागलं तर कमी व्हायला हवं ना, सर? मग तीनचे सहा झाले कसे? ते कळेपर्यंत राहू दे."