पातळ आमटी

जिभेवर रुजवलेल्या पेशी आता जाग्या झाल्यात, घरी जाऊन जेवून बघा, असं डॉक्टरीणबाईंनी सकाळी सांगितलं होतं. पेशी प्रमिलाबाईंच्याच गालातून काढून प्रयोगशाळेत वाढवलेल्या. एका तापात त्यांची चव गेली, त्याला आता नऊ वर्षं होत आली होती.

नेहमीच्या अंदाजानं त्यांनी आमटी केली, पहिला भुरका मारला आणि तोंड वाकडं केलं. मीठच मीठ.

“पेशी बिघडल्यात वाटतं,” त्या पुटपुटल्या.

समोर मुकुंदराव जेवत होते. त्यांनी रोजच्यासारखं तांब्यातलं पाणी वाटीतल्या आमटीत ओतलं आणि ती भातावर घेतली. ह्यांना आमटी पातळच लागते, असं प्रमिलाबाई सुनांना कौतुकानं सांगत आल्या होत्या. मीठ बरोबर आहे ना, असं त्या रोज विचारायच्या आणि हे म्हणायचे, ‘झकास.’

आज प्रमिलाबाईंनी ते विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी चाखून मीठ घातलं. मुकुंदरावांनी सवयीनं पाणी ओतलं, घास घेतला आणि क्षणभर थांबले.

“अहो, मीठ बरोबर आहे ना?”

“झकास,” ते म्हणाले.

प्रमिलाबाईंनी मिठाची बरणी उचलून त्यांच्या ताटाशी ठेवली.