स्थळाचा फोटो

फोटो मोठे करायचे जुने एन्लार्जर विकत घेऊन दुरुस्त करणारी सिंधू नांदेडहून लातूरच्या या स्टुडिओत आली ती इथल्या याच धुडासाठी. आईचा स्थळासाठीचा फोटो यावरच निघाला होता. हे ऐकून म्हातारे स्टुडिओवाले हरखले. डबा धुंडाळून त्यांनी आईची तळहाताएवढी निगेटिव्ह आत सरकवली, दिवा लावला. "चेहऱ्यावर लाल शाई फिरवायची; तिथं उजेड अडला, की छापताना पोरगी गोरीपान. लई काळ्या पोरी उजवल्या या मशिनीनं!" सिंधूला शिसारी आली. "फोटोत गोरी, दारात काळी," हे सासूचं टोचणं आईनं मरेपर्यंत ऐकलं होतं. तिनं निगेटिव्ह ओढून काढली, रुमालावर थुंकली अन् शाई पुसू लागली. "अहो, खराब करून राहिल्या तुम्ही!" म्हातारा ओरडला. "दुरुस्तीच करून राहिले, काका." तिनं ती परत सरकवली. निगेटिव्हमध्ये काळंच उजळ दिसतं. दिव्याच्या उजेडात मशिनीखालच्या फळीवर आईचा चेहरा लख्ख उमटला.